खिडकीतला पेला

५ मे, शुक्रवार

सकाळी सहालाच काळ्या मनुका निवडून, धुऊन पातेल्यात भिजत घातल्या. परवा महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, म्हणजे प्रभूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस. आई शनिवारी सकाळी भिजवायची. मी या वेळी एक दिवस आधीच भिजवल्या. रस दाट व्हायला हवा आणि त्याला कारण आहे.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक भूषण माझ्याजवळ आले. तिशीच्या आतले आहेत, आमच्या मंडळीत येऊन चारच महिने झाले. म्हणाले, "शलोमीताई, उन्हाळाभर आपण बाटलीतला द्राक्षरस आणू या का? तुमचा त्रास वाचेल." त्रास! जळगावच्या या मंडळीसाठी आईने एकतीस वर्षं मनुकांचा रस केला. ती गेल्यावर सहा वर्षं मी करते आहे. मी म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या नाशकाकडे चालत असेल बाटलीतलं प्रभुभोजन." बिचारे कानापर्यंत लाल झाले. घरी आल्यावर मला वाईट वाटलं. पण फार नाही.

दुपारी अभिमन आला. वडिलांनी माझं नाव पवित्र शास्त्रातून शोधून काढलं आणि माझ्या या धाकट्या भावाला मात्र आपल्या आजोबांचं दिलं. असोद्याच्या भिकनभाऊंचा केळीचा टेम्पो चालवतो. केळीची फणी ओट्यावर ठेवून त्याने लगेच पातेल्याचं झाकण उचललं.

"अक्का, एक मनुका दे ना माले."

"हात मागे घे. प्रभूच्या आहेत त्या."

"प्रभू दे म्हनस. तूच नही म्हनस."

मला हसू आलं. एक दिली. तो असा स्वच्छ डोळ्यांनी समोर बसला की मला अजून खरं वाटत नाही. आईच्या मातीला त्याला धड उभं राहता येत नव्हतं, दोघांनी धरून आणलं होतं. त्यानंतर धुळ्याला जाऊन राहिला, तिथे दारू सोडलेल्या माणसांच्या सभेत बसायला लागला. येत्या जुलैत सहा वर्षं होतील. एक थेंब नाही.

६ मे, शनिवार

चव्वेचाळीस अंश. मनुका हाताने कुस्करल्या, आईच्या मलमलीच्या फडक्यातून रस गाळला. एक उकळी आणायची म्हणून गॅस लावला तर दोन मिनिटांत सिलिंडर संपलं. दुसरं सोमवारी येणार. दुपारी दोनपासून वीज नाही, फ्रिज कोमट. पातेलं माठाजवळ ओल्या वाळूत ठेवलं.

दीपक म्हणाला, "मी गाडीवर जातो आणि दहा मिनिटांत दोन बाटल्या घेऊन येतो. कोणाला कळणार आहे?"

लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी नवऱ्याला असल्या गोष्टी समजत नाहीत. मला कळणार आहे, असं म्हणाले. तो पेपर घेऊन आत गेला.

उद्याची भाकर सकाळीच भाजून ठेवली होती, ते बरं.

७ मे, रविवार

रस जरा आंबूस वाटला. उन्हाळ्यात चालायचंच. साखर घालून ढवळला.

उपासना छान झाली. सगळे रांगेने पुढे आले, भाकरीचा तुकडा आणि रसाचा छोटा पेला घेऊन जागेवर गेले आणि पाळकांनी सांगितल्यावर एकदम प्यायले. चुडामण नानांनी तर बाहेर मला गाठून विचारलं, "शलोमी, आज रस भारी व्हता. उरेल शे का थोडा?" पाळकांनी ऐकायला हवं होतं.

अभिमन, त्याची बायको मेघा आणि त्यांची दिपमाला खिडकीजवळच्या बाकावर होते. शेवटचं गीत व्हायच्या आधीच अभिमन उठून मागच्या दाराने गेला. टेम्पो भरायचा असेल.

मग मी अंगणातल्या नळावर पेले धुतले. छत्तीस दिले होते, पस्तीसच मिळाले. छत्तिसावा खिडकीच्या कट्ट्यावर पडद्याआड सापडला, काठोकाठ भरलेला. कोणी म्हातारं माणूस ठेवून विसरलं असणार. प्रभुभोजनाचा उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, अशी आईची शिस्त. तो मोगऱ्याच्या मुळाशी घातला.

संध्याकाळी मेघाचा फोन. "अक्का, हे तुमच्याकडे आलेत का?" नाही म्हणाले. "फोन बंद लागतोय." मी म्हणाले, चार्जिंग संपलं असेल.

८ मे, सोमवार

आला नाही.

मेघा सकाळीच दारात. वेणी घातलेली नाही. बसली नाही. "मी त्यांना काल सकाळी बोलले, अक्का. दिपमालाच्या चपलेवरून. एवढंएवढं लक्षात राहत नाही तुमच्या, असं म्हणाले. साध्या चपलेवरून!"

"त्याने माणूस घर सोडून जात नाही गं."

"ह्यांनी याच्याहून कमी कारणावरून बाटली उघडलीये. विसरलात?"

मी विसरले नाही. एरंडोलच्या रस्त्याला खड्ड्यात पडलेल्या अभिमनला आम्ही दोघींनीच उचलून आणलं होतं. तेव्हा मेघाने त्याला सांगितलं होतं की पुन्हा एकदा असं झालं तर मी पोरीला घेऊन धरणगावला माहेरी जाईन आणि परत येणार नाही. ती बोलते ते करते.

आज तिला सांगावंसं वाटलं होतं. काय सांगायचं होतं ते इथेही लिहिता येत नाही. सिलिंडर नुकतंच आलं होतं, चहा केला. तिने घेतला नाही.

९ मे, मंगळवार

दीपक सकाळपासून गाडीवर फिरला. स्टँडमागची दुकानं, असोद्याच्या रस्त्यावरचा ढाबा, नेरीनाक्याच्या बाजूचा अड्डा. कुठेच नाही. मग भिकनभाऊंना भेटला. ते म्हणाले, रविवारी दुपारी अभिमनचा फोन आला होता, तीन-चार दिवस सुटी हवी म्हणाला. किल्ली खुंटीला लावलीये हेही सांगितलं. "आवाज तर सरळ होता बुवा," असं भिकनभाऊंचं म्हणणं.

म्हणजे ठरवून गेला. पिण्याच्या दिवसांत तो असाच सरळ बोलायचा, सगळं आधी नीट आवरून मग प्यायला बसायचा. 

आता लिहिते. लिहिल्याशिवाय श्वास येणार नाही.

रविवारी सकाळी झाकण उघडलं तेव्हा रसावर फेस होता. बारीक बुडबुडे कडेने वर येत होते. नाकाला तो वास लागला. तो वास मला ओळखू येत नाही असं मी कोणाला सांगणार? पंधरा वर्षं भावाच्या शर्टाला तो हुंगला आहे. मला कळलं होतं. शेजारच्या आबेदाकडे शनिवारीच पातेलं नेऊन उकळी आणता आली असती, दहा पावलांवर तिचा गॅस. गेले नाही. रविवारी बाटल्या आणता आल्या असत्या, दुकान वाटेवरच आहे. थांबले नाही. पाळकांसमोर बाटली घेऊन जायचं नव्हतं मला. साखर घातली ती वास झाकायला घातली.

आणि तो पेला माझ्या हातांनी भरून माझ्याच भावासमोर गेला. प्रभूच्या नावाने गेला. तो नको कसा म्हणणार?

किती असेल त्यात? चमचाभर. त्याच्यासाठी चमचाभर म्हणजे किती, हे मला आणि मेघालाच ठाऊक आहे.

आज प्रार्थनेला गुडघे टेकले आणि तशीच राहिले. 'प्रभू, अभिमनला सांभाळ' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणताना मीच मला खोटी वाटले. ज्याचा हात मी सोडला त्याला तू धर, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

१० मे, बुधवार

सकाळी पाळकांच्या घरी गेले. दारात रांगोळीसारखी सरळ ओळ करून चपला लावलेल्या. ते बाहेर आले, "या ताई." मी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून बाटलीच आणा." ते गोंधळले. "का? काही चुकलं का माझं?" नाही म्हणाले आणि निघून आले. तीन वाक्यं तोंडात होती, सांगून आले चौथंच.

परत येताना दिपमालाने फोन केला. मुलगी अकरा वर्षांची. कुजबुजत होती. "आत्या, आई बॅग भरतेय. आम्ही बाराच्या गाडीने आजोळी चाललोय. पप्पा आले तर त्यांना कोण सांगणार?"

रिक्षा करून स्टँडवर गेले. मेघा धरणगावच्या फलाटावर बॅगेवर बसली होती. गाडी लागायला दहा मिनिटं होती.  दिपमालाला म्हणाले, बाळा, जरा पाण्याची बाटली आण. ती गेल्यावर उभ्या उभ्याच बोलले. "मेघा, चपलेवरून गेला नाही तो. रविवारचा रस आंबला होता. दारूच झाली होती त्याची. मला वास आला होता आणि मी तरी तो दिला."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, बॅगेच्या चेनकडे बघत राहिले.

"सहा वर्षं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "सहा वर्षं मी रोज त्यांचं तोंड हुंगून मग झोपते, अक्का. लग्नाची बायको असून. कुत्र्यासारखी. आणि देवाच्या घरात, तुमच्या हातून..." ती थांबली. "सोमवारी हे पोटात ठेवून तुम्ही मला चहा देत होता."

"हो."

"मी पोरीला सांगितलं, तुझा बाप माझ्यामुळे गेला."

 धरणगावची गाडी लागली. लोक चढले. मेघा हलली नाही. दिपमाला पाणी घेऊन आली तर तिच्याकडून बाटली घेऊन मेघाने पाणी तोंडावर मारलं, उरलेलं अर्धं प्यायली.

"धुळ्याला कोणती गाडी?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"धुळ्याला?"

"दारू प्यायचीच असती तर जळगावात कमी दुकानं आहेत का? चमचाभर पोटात गेलं आणि भीती वाटली, तर ते एकाच माणसाकडे जातील. त्या सभेतले असलमभाई, त्यांचे जुने सोबती आहेत. तुम्ही मला हे सोमवारी सांगितलं असतं तर मी सोमवारीच गेले असते."

दिपमालाला दीपककडे सोडलं. धुळ्याच्या गाडीत मेघा पुढच्या सीटवर बसली, मी मागे. पारोळ्याला तिने एकदाच मान वळवली. "त्यांनी तिथे पिलेली निघाली तर मी तुमचं तोंड बघणार नाही." मी मान हलवली. बाहेर कापूस काढलेली काळी शेतं, उन्हात नुसती पडलेली. मला वाटलं, प्रार्थना आता येईल. आली ती इतकीच, की आता माझ्याजवळ लपवायला काही नाही.

११ मे, गुरुवार

काल रात्री परतलो, लिहायचं त्राण नव्हतं.

धुळ्यात असलमभाईंचं गाद्यांचं दुकान एका बोळात आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दारातच कापसाचा ढीग आणि त्यात मांडी घालून बसलेला एक माणूस, भुवया, मिशा, केस सगळं पांढरं. मला वाटलं असलमभाईच. त्याने मान वर केली तर अभिमन. जुन्या गादीतला कापूस हाताने सोडवत होता.

मेघा सरळ त्याच्यापाशी गेली. वाकली. तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. बोळातली दोन माणसं बघत होती, तिला फिकीर नव्हती. मग ती तिथेच, कापसात, धपकन बसली.

आतून असलमभाई आले. साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. "भाभी, चार दिन से मेरे पास हैं. एक बूंद नहीं." मग माझ्याकडे बघून मराठीत, "तुमच्या भावाने माझ्या तीन गाद्या फुकटात करून दिल्या. अजून आठ दिवस ठेवा."

"घेऊन जाते मी," मेघा म्हणाली. "आधी विचारते. फोन का बंद?"

"जळगावचा एक जरी दोस्त बोलला असता ना, मी गयतू परत दारूकडे," अभिमन म्हणाला. "पहिले तीन दिवस बरे जात नाहीत. असलमभाई बाजूला बसून राहिले. रात्री दाराला कुलूप, किल्ली ह्यांच्या उशाखाली."

"मग मला एक फोन करायला काय झालं होतं? असलमभाईंच्या फोनवरून?"

त्याने कापसातून एक सरकी वेचून बाजूला टाकली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं.

"सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, कशाने झालं," तो म्हणाला. "मग रस कोणी केला हे निघालं असतं. तुनं नाव निघतं, अक्का. मंडळीत. आईचं काम ते."

"तू प्यायलास का तो?" मी विचारलं.

"नही. ओठापर्यंत नेला आणि वास उना.  सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते. खिडकीत ठेवून दिला. पण वास नाकातून जाईना. शेवटच्या गीतापर्यंत मी त्या पडद्याकडेच बघत होतो. अजून दोन मिनिटं थांबलो असतो तर उचलला असता."

खिडकीतला पेला. मी तो हातात धरला होता. मोगऱ्याला घातला होता. म्हातारं माणूस विसरलं असेल म्हणाले होते.

"भाऊबहीण दोघंही सारखेच," मेघा उभी राहत म्हणाली. साडीला कापूस लागला होता तो झटकलाही नाही. "एक तिचं नाव राखायला लपतो, दुसरी स्वतःचं नाव राखायला लपवते. मधे मी मरते. घ्या पिशवी."

असलमभाई हसले. मला हसावं की नाही ते कळेना.

१४ मे, रविवार

उपासनेनंतर पाळक भूषण यांना सांगितलं. या वेळी तिन्ही वाक्यं सांगितली. 

"ताई, मलाही वास आला होता," ते म्हणाले. "तुम्ही पातेल्यातून पेले भरत होता तेव्हाच. वाटलं, थांबवावं. पण बाटलीबद्दल बोललो तेव्हा तुम्ही..." कान पुन्हा लाल. "तुमची भीती वाटली. मी पाळक आहे. दोष माझाही आहे."

आम्ही दोघं तिथेच बाकावर बसून राहिलो. प्रार्थना त्यांनी केली. मी आमेन म्हणाले. कित्येक दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडात पूर्ण वजनाचा वाटला.

२१ मे, रविवार

मंडळीपुढे उभी राहिले. अभिमनचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं.  बाकं करकरल्याचे आवाज. मग मागून चुडामण नाना: "म्हणूनच म्हनू मी, इतका भारी कसा व्हता!" दोघीतिघी पदरात हसल्या. मेघा हसली नाही. धुळ्याहून परतल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. समोर येते, दिपमालाला पुढे करते.

मी म्हणाले, हे काम आता दुसऱ्या कोणी करावं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

३ जून, शनिवार

काम परत माझ्याकडेच आलं आहे. पाळकांनी बाटल्या आणल्या होत्या, अभिमनने त्यांना सांगून त्या त्यांच्याच घरी ठेवायला लावल्या. काल टेम्पो दारात लावून आत आला, मनुकांची पुडी ओट्यावर ठेवली.

"तूच कर. आईसारखा. उकळी आन फक्त."

"आणि परत काही झालं तर?"

"तठे मी बसतो. उकळेपर्यंत."

आज सकाळी भिजवल्या, संध्याकाळी गाळला. तो खरंच स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसला. रस तापू लागला, वाफ आली, कडेने बुडबुडे वर यायला लागले. ते बघून मी गॅस बंद करायला हात नेला. अभिमन शांतपणे बघत होता. "हे येगळे बुडबुडे शेत, अक्का," तो म्हणाला. पाच मिनिटं खळखळून उकळू दिला. मग दोघांनी मिळून पातेलं पाण्यात ठेवलं, वारा घातला. वीज होती, फ्रिज थंड होता.

जाताना मी विचारलं, उद्या घेशील का? म्हणाला, "माहीत नही. भाकर घेईन. पुढचं उद्या."

४ जून, रविवार

मी भिंतीकडच्या बाकावर, ते तिघं खिडकीपाशी. पडदा कोणीतरी बाजूला केलेला होता, कट्टा रिकामा, त्यावर ऊन.

सगळे भाकर आणि पेला घेऊन जागेवर आले. पाळक प्रार्थना करू लागले तेव्हा मला डोळे मिटवले नाहीत. अभिमनने पेला गुडघ्यावर धरला होता.  त्याची नजर कट्ट्याकडे गेली.

मग मेघाने आपला पेला वर नेला. नाकाशी धरला. त्याच्या तोंडाशी धरते तशी, सगळ्यांच्या देखत, सावकाश हुंगला. आपला खाली ठेवला, त्याच्या हातातला घेतला, तोही हुंगला. आणि तो त्याच्या हातात परत देत म्हणाली, "घ्या."

पाळक म्हणाले, "सर्वांनी प्या." तो प्यायला.

पुढचं गीत मी गायले की नाही, आठवत नाही.

उपासनेनंतर अंगणात नळाशी पेले धुवायला बसले. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी बसलं. मेघा. तिने बांगड्या वर सारल्या आणि एक एक पेला विसळून पालथा घालू लागली. बोलली नाही.  पस्तीस झाले. ती तबक चाचपायला लागली, मग माझ्या गुडघ्याकडे बघून थांबली.

"हा काय, अक्का."

गुडघ्याशी, पदराआड, एक पेला काठोकाठ भरलेला होता. माझा. सगळा वेळ त्यांच्याकडे बघताना मी प्यायचंच विसरले होते आणि तसाच इथवर आणून ठेवला होता.

"मोगऱ्याला घालू?" मी विचारलं.

"तुम्ही प्या," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

तिथेच, ओल्या फरशीवर बसून मी तो प्यायले. कोमट होता. गोड होता. मनुकांखेरीज कशाचा वास नव्हता.

मेघाने हात पुढे केला. मी पेला तिच्या हातात दिला, तिने तो विसळला आणि बाकीच्यांच्या रांगेत पालथा ठेवला.